चकली तळू की रील करू?

प्रश्न: मी अंबरनाथ पश्चिमेला बुवापाड्यात राहते. तीन वर्षं घरून फराळ, उपवासाचे लाडू, उन्हाळ्यात कुरडया-पापड करून विकते. जाऊबाई मदतीला असतात. दोघी मिळून दिवसाला आठ किलोच्या वर माल निघत नाही. गेल्या दिवाळीत 34 घरांना फराळ दिला. पुतण्या म्हणाला, इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकायलाच हवी, नाहीतर रीच जाते. आठ महिने झाले, रोज टाकतेय. 1,140 फॉलोअर झाले, पण त्यांतून आलेल्या ऑर्डरी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. रात्री साडेअकराला ओटा पुसून झाला की उद्या काय टाकायचं याची धास्ती सुरू होते. हल्ली चकली तळतानाही मन लागत नाही. सोडून देऊ का हे सगळं?
– एक वाचक भगिनी, बुवापाडा

उत्तर: ताई, रोजची रील सोडा. आजपासून सोडा. इन्स्टाग्राम राहू दे आणि व्यवसाय तर अजिबात सोडू नका.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘हात दुखतात’ किंवा ‘झोप होत नाही’ असं तुम्ही लिहिलं नाहीत. ‘चकली तळताना मन लागत नाही’ असं लिहिलंत. दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजं होतं. आवडीच्या कामातून मन उठलं, तर झोपेने ते परत येत नाही. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये ‘बर्नआउट’विषयी लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात जीव ओतून राबणाऱ्या माणसांना पाहून. कामावर प्रेम असलेलीच माणसं त्यात होरपळत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. याला ती आजार म्हणत नाही. कामाचा ताण नीट न हाताळला गेल्याने हे होतं, असं म्हणते. तेव्हा दोष तुमच्यात नाही, कामाची मांडणी चुकली आहे. ती बदलता येते.

आधी हिशोब मांडू. दसरा ते लक्ष्मीपूजन वीस दिवस. त्यातले तुमच्या घरची साफसफाई, आजारपण, गॅस संपणं, लोडशेडिंग यांचे पाच वजा करा. उरले पंधरा. दिवसाला आठ किलो म्हणजे 120 किलो. एका घराला सरासरी तीन किलो धरला तर 40 घरं. तुमच्या कढईची दिवाळीतली मर्यादा 40 घरांची आहे आणि 34 घरं तुमच्याकडे आधीच आहेत. तुम्हाला हवी आहेत सहा घरं! त्या सहा घरांसाठी तुम्ही आठ महिने नागपूर, कोल्हापूर, इंदूरच्या लोकांना रोज रील दाखवत होतात. ‘खूप छान ताई’ लिहिणाऱ्या त्या माणसांपर्यंत तुमची चकली पोहोचणारच नाही. रोजची पाऊण तासाची खटपट धरली, तर हे 180 तास झाले.

लाखभर फॉलोअर मिळवणं हा वेगळा धंदा आहे. त्यात व्हिडिओ हाच माल असतो. तुमचा माल चकली आहे. पुतण्या मायेनेच बोलला असेल, पण त्याने तुमच्या दुकानाला दुसऱ्याच धंद्याची फूटपट्टी लावली. आणि ‘रोज टाकायलाच हवं’ हा काही कंपनीचा कायदा नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2021 मध्ये पाय रोवू पाहणाऱ्यांना सुचवलेलं प्रमाणसुद्धा आठवड्याला दोन पोस्ट आणि दिवसाला दोन स्टोरी एवढंच होतं. तुम्हाला तर तेवढंही लागणार नाही. आठवड्याला एक पोस्ट पुरे. स्टोरी किंवा व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, ज्या दिवशी माल निघेल त्या दिवशी.

यावर मला किर्लोस्करवाडी आठवते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर विकले जायला दोन वर्षं लागली, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पुढे कारखाना उभा राहिला आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याची, मालाची, माणसांची खबर गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं ते मासिक होतं. महिन्यातून एकदा! त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. आज ज्याला कंटेंट म्हणतात, ते मराठी उद्योगाने शंभर वर्षांपूर्वी महिन्याच्या चालीने करून दाखवलं आहे. वाचक वाट पाहायचा, कारण ठरल्या वेळी काहीतरी सांगण्यासारखं हाती पडायचं.

आता काय टाकायचं हा प्रश्न. ताई, त्याचं उत्तर तुमच्या भिंतीवर टांगलेलं आहे. 1973 पासून ‘कालनिर्णय’ घरोघरी आहे. त्याच्या पानांमागच्या पाककृती आणि लेख वर्ष उजाडायच्या आत छापून तयार असतात; कुणी रात्री साडेअकराला उद्याच्या पानाची चिंता करत बसत नाही. तुमचा धंदा तर सणावारांवरच चालतो. संक्रांतीला तिळाच्या वड्या. माघात महाशिवरात्र, आणि ती तर अंबरनाथची स्वतःची. वालधुनीकाठच्या शिवमंदिराचा शिलालेख 1060 सालचा. त्या दिवशी दर्शनाची रांग केवढी असते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची पोस्ट त्याच्या आठ दिवस आधी गेली पाहिजे, त्या दिवशी नव्हे. मग होळी, उन्हाचं वाळवण, आषाढी, श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी. कॅलेंडर घ्या, प्रत्येक सणाच्या आठ-दहा दिवस मागे पेनाने गोल करा. वर्षाचे विषय तासाभरात संपतात.

चित्रीकरणासाठी वेगळा दिवस काढू नका. भाजणी दळून येते, सोऱ्यातून पहिली चकली पडते, कुरडया गच्चीवर वाळतात, तेव्हाच जाऊबाईंनी वीस सेकंद फोन धरावा. ओटा सजवू नका, साडी बदलू नका. घरगुती माल घेणाऱ्याला हात स्वच्छ आहेत ना, तेल ताजं आहे ना, एवढंच बघायचं असतं. महिन्याच्या एका निवांत दुपारी ती तुकडे-चित्रं जोडून वेळ लावून ठेवा. इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात पोस्ट आधीच शेड्यूल करता येते, पैसे लागत नाहीत. दिवाळीच्या सगळ्या पोस्ट पितृपक्षात तयार व्हायला हव्यात. त्या पंधरवड्यात मागणी मंद असते, हात मोकळे असतात. दसऱ्यानंतर तुम्ही फोनसाठी एकही चकली तळायची नाही.

राहिली ती सहा घरं. ती बहुधा शेअर रिक्षाच्या अंतरात असतील. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये भाव आणि वजन एकदाच भरा. ‘चिवडा कसा किलो’ याचं उत्तर पन्नासदा टाइप करावं लागणार नाही. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप जातो. म्हणून प्रत्येक डब्यावर नंबर चिकटवा आणि डबा देताना तोंडाने सांगा, ‘सेव्ह करून ठेवा हं.’ रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जाईल अशी सोय त्या अ‍ॅपमध्ये आहे: ‘नमस्कार, उद्या सकाळी अकराला उत्तर देते.’ ती लावाच. मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. फोनवरचं दुकानसुद्धा रात्री बंद झालं पाहिजे.

रीच खाली येईल, महिनाभर आकडे पाहून जीव चुकचुकेल. त्या वेळी वहीतली 34 नावं काढून बसा. रोज दुपारी दोघा-तिघांना फोन करा, गेल्या वर्षीचं शंकरपाळं कसं लागलं ते विचारा, ओळखीत कुणाला हवं असेल तर सांगायला सांगा. पंधरा दिवसांत सगळी नावं होतील.

आणि हे उत्तर वाचणाऱ्या, घरगुती फराळ घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. ऑर्डर दसऱ्याच्या आत द्या, रात्री फोन करू नका. डबा उघडलात की ताटाचा एक फोटो आणि चवीविषयी दोन ओळी करणाऱ्या बाईंना पाठवा. पुढच्या आठवड्याची त्यांची पोस्ट तीच होईल.