नाडीची मोजणी व खिशांतील यंत्र

हृदयाची गति जाणून घेण्याची खटपट मनुष्य फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. आपल्याकडील शार्ङ्गधरसंहितेंत नाडीपरीक्षेचें वर्णन आहे. इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर या वैद्यानें, एक मिनिट चालणाऱ्या घड्याळानें नाडी मोजण्याची रीत इ. स. १७०७ सालीं ग्रंथरूपानें मांडली. आतां हें काम स्मार्टफोनवरील ॲप करूं लागलें आहे. त्याचा उपयोग कसा करावा, तें कोठें चुकतें व त्यावर केव्हां विसंबूं नये, हें आपण पाहूं.

हें ॲप हृदयाचे ठोके ऐकत नाहीं; तें बोटांतील रक्त पाहतें. फोनच्या पाठीमागील कॅमेरा व त्याशेजारचा दिवा यांवर बोटाचें टोक टेकविलें, म्हणजे दिव्याचा प्रकाश त्वचेंत शिरून परत फिरतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटांतील रक्त किंचित् वाढतें व तितका अधिक प्रकाश शोषला जातो. त्यामुळें कॅमेऱ्यांतील लाल चित्र क्षणभर काळवंडतें व पुन्हा उजळतें. हे चढउतार मोजून ॲप मिनिटाचा आंकडा काढतें.

मोजण्यापूर्वीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें. खेळून किंवा रापण ओढून आल्याबरोबर घेतलेला आंकडा विश्रांतीचा नव्हे. हात टेबलावर ठेवून बोट हलकेंच टेकवावें व मोजणी संपेपर्यंत हलूं अगर बोलूं नये. विश्रांतीच्या वेळीं प्रौढ मनुष्याची नाडी मिनिटास बहुधा ६० ते १०० असते. लहान मुलांची याहून जलद, तर कसलेल्या खेळाडूची ६० च्या खालींही असूं शकते.

आंकडा येईना किंवा एकसारखा बदलूं लागला, तर घाबरून जाऊं नये. प्रथम बोटाकडे पाहावें. बोट जोरानें दाबल्यास तेथील रक्त दूर सरतें. पावसांतून किंवा होडीवरून आलेल्याचें बोट गार असतें व गार बोटांत रक्त कमी येतें. तें पुसून, हात चोळून ऊब आणावी. टोकाला गडद मेंदी असेल अगर दोर ओढून घट्टे पडले असतील, तर दुसरें बोट घ्यावें. भिंगावर तेलकट हात लागला असल्यास तें मऊ, कोरड्या फडक्यानें पुसावें. दिवाच लागत नसेल, तर ॲपला कॅमेरा वापरण्याची परवानगी दिली आहे कीं नाहीं, तें सेटिंगमध्यें पाहावें व फोन चार्ज करावा.

तरीही शंका राहिल्यास आपलीं बोटें हाच खरा कस. अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दुसऱ्या हाताचीं दोन बोटें ठेवून, घड्याळाकडे पाहून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावे. अंगठ्यानें मोजूं नये. त्याला स्वतःची नाडी असते. हातानें ७२ व ॲपनें १४४ आले, तर ॲपनें एका ठोक्याचे दोन मोजले असें समजावें. ठोके अनियमित लागत असतील, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

विद्यार्थिमित्रहो, आजी-आजोबांची विश्रांतीची नाडी तारीख घालून वहींत लिहून ठेवा; ती डॉक्टरांच्या उपयोगी पडेल. परंतु एक गोष्ट विसरूं नका. घरांत कोणाच्या छातींत कळ येऊं लागली, दरदरून घाम सुटला, दम लागला किंवा भोवळ आली, तर ॲपवर ७२ दिसले म्हणून निश्चिंत बसूं नका. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली असतांही ठोक्यांची संख्या नेहमींसारखी असूं शकते. संख्या मोजणाऱ्या यंत्रास ती अडचण दिसत नाहीं. अशा वेळीं तोच फोन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यासाठीं वापरा. देवबाग, आचरें यांसारख्या किनाऱ्यावरील गांवांहून ओरोसच्या सरकारी रुग्णालयाची वाट लांब आहे. घरीं मोजण्यांत गमावलेलीं मिनिटें त्या वाटेवर भरून निघत नाहींत.