दोघं एकदम बोलतात तेव्हा

चि. मृणाल,

तुझ्या कॉन्फरन्स-फोनमधला प्रतिध्वनी आता चटकन मावळतो, हे वाचून आनंद झाला. पण दोन्हीकडची माणसं एकदम बोलू लागली की काय होतं, ते तू लिहिलं नाहीस. मला काळजी तिथलीच आहे.

प्रतिध्वनी घालवणारा फिल्टर पलीकडचा आवाज खोलीत घुमून माइकात कसा येईल याचा अंदाज बांधतो, तो वजा करतो आणि उरेल त्यावरून आपले गुणक सुधारतो. विड्रो आणि हॉफ यांनी १९६० मध्ये दिलेली एलएमएस पद्धत ती हीच. जवळचा माणूस बोलला की उरलेल्यात त्याचाच आवाज असतो. फिल्टर त्यालाही स्वतःची चूक समजतो आणि जमलेला अंदाज बघता बघता विस्कटतो. त्या वेळी शिकणं थांबवायलाच हवं.

ती वेळ ओळखायला गायगेलची जुनी कसोटी तशीच उचलू नकोस. माइकातली पातळी पलीकडच्या ताज्या नमुन्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या निम्म्यावर गेली, की जवळचं कोणी बोलतंय असं ती धरते. टेलिफोनच्या तारेवर प्रतिध्वनी सहसा निदान ६ डेसिबलनं उतरलेला असतो, म्हणून तिथे ती चालते. तुझ्या फोनमध्ये माइक स्पीकरला खेटून आहे. आवाज वाढवला तर प्रतिध्वनीच मूळ पातळीला मागे टाकील.

शिवाय कुणी फोन सरकवला तरी उरलेलं वाढतं, आणि तेव्हा मात्र भराभर शिकायचं असतं! फरक एवढाच, की तेव्हा उरलेल्याचं पलीकडच्या आवाजाशी नातं टिकून असतं. या पेचावर ओचिआई आणि सहकाऱ्यांची १९७७ ची युक्ती मला फार आवडते: एक फिल्टर मागे सतत शिकत राहतो, पुढचा प्रत्यक्ष काम करतो, आणि मागचा सरस ठरला तरच त्याचे गुणक पुढे जातात. आधी हे करून बघ.

उरलेला प्रतिध्वनी दाबणारा शेवटचा टप्पा सौम्य ठेव. तो जोरात लावला की आकडे देखणे येतात, पण बोलणाऱ्याचे शब्द तुटतात आणि त्याला ते कळतही नाही. थोडा प्रतिध्वनी राहिला तरी चालेल, शब्द जाता कामा नये. चाचणीला एकमेकांना मध्येच तोडणारी खरी माणसं बसव आणि दोन्ही टोकांचं रेकॉर्डिंग मला पाठव.

तुझा मामा