एकदाच लिहा, नीट लिहा : नकाशातल्या टिपा आणि तक्ते

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचं तळमजला अधिक एक असं घर बांधायचं ठरलं आहे. मुलाने संगणकावर ‘स्वीट होम थ्रीडी’ घेतलं आणि हौसेने सगळं घर काढलं. पण नकाशावर आम्ही इतक्या टिपा लिहून ठेवल्या आहेत की भिंती दिसेनाशा झाल्या. ‘इथे सागवानी चौकट’, ‘इथे जाळीची खिडकी’, ‘शहाबादी की टाइल, विचारणे’. एक निर्णय बदलला की चार ठिकाणी खाडाखोड. आमच्या आर्किटेक्टच्या नकाशावर मात्र नुसतं डी-१, डब्ल्यू-२ असतं आणि कोपऱ्यात एक तक्ता. तसा तक्ता आम्हाला घरी करता येईल का? आणि बाकीच्या टिपा ठेवायच्या कुठे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येईल, आणि जरूर करा. आर्किटेक्ट मंडळी या तक्त्याला ‘शेड्यूल’ म्हणतात. त्यामागचा नियम एका ओळीचा आहे : नकाशावर फक्त खूण, माहिती तक्त्यात, आणि एक माहिती एकाच जागी. तुमची खाडाखोड होते ती टिपा जास्त आहेत म्हणून नव्हे, तर एकच टीप चार जागी लिहिली आहे म्हणून. चारपैकी तीन जागी बदल झाला आणि चौथी राहिली, तर सुतार नेमकी चौथीच वाचणार.

आधी टिपांची वर्गवारी करा. पहिला वर्ग वस्तूच्या टिपांचा : दार कशाचं, खिडकी किती ट्रॅकची, चौकट लाकडाची की ग्रॅनाइटची. या सगळ्या दार-खिडक्यांच्या तक्त्यात जातात. दुसरा वर्ग खोलीच्या टिपांचा : फरशी, स्कर्टिंग, भिंतीवरच्या टाइलची म्हणजे डॅडोची उंची, छत, रंग. यांचा वेगळा तक्ता करा, एका खोलीला एक ओळ. गच्चीवर चायना मोझॅक आणि मागच्या अंगणात शहाबादी ठरली असेल तर गच्ची आणि अंगण यांनाही खोलीसारखीच ओळ द्या, नाहीतर त्यांची आठवण शेवटच्या आठवड्यात येते. तिसरा वर्ग सगळ्या घराला लागू पडणाऱ्या सूचनांचा : ‘सर्व लिंटल तयार फरशीपासून ७ फुटांवर’, ‘सर्व मापं चौकटीसह’. या सूचना नकाशाच्या कडेला क्रमांक देऊन एकदाच लिहाव्या. चौथा वर्ग न ठरलेल्या गोष्टींचा. ‘शहाबादी की टाइल, विचारणे’ ही टीप कारागिरासाठी नाही, ती तुमच्या घरातल्या चर्चेसाठी आहे. अशा टिपा वहीत किंवा वेगळ्या फाइलीत ठेवा. साइटवर जाणाऱ्या कागदावर प्रश्नचिन्ह असलेली एकही ओळ जाऊ देऊ नका.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. स्वीट होम थ्रीडी मोफत आहे आणि त्यात तक्त्याचा पाया आधीच तयार असतो. नकाशात ठेवलेलं प्रत्येक दार, खिडकी आणि कपाट डावीकडे खालच्या यादीत आपोआप उतरतं. दारावर डबल क्लिक केलं की नावाचा रकाना उघडतो. तिथलं मूळ नाव काढून ‘डी-१’ लिहा आणि नाव नकाशावर दाखवण्याची खूण चालू करा. आता नकाशावरचं अक्षर आणि यादीतलं अक्षर ही एकच नोंद झाली. नकाशावर हाताने वेगळा मजकूर टाकण्याची गरज उरत नाही, आणि निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

यादीत कोणते रकाने दिसावेत हे फर्निचरच्या मेनूतून निवडता येतं. रुंदी आणि उंची तर ठेवाच, सोबत मजला आणि जमिनीपासूनची उंची हेही घ्या. खिडकीसाठी ही जमिनीपासूनची उंची म्हणजे सिल. यातून एक झटपट तपासणी करता येते : सिल अधिक खिडकीची उंची, बेरीज ७ फूट आली पाहिजे. ३ फुटांवर ४ फुटी खिडकी बसली तर लिंटल एका रेषेत येतो. न्हाणीघराची झडप २ फूट उंचीची असेल तर तिची सिल ५ फुटांवर हवी. एखाद्या ओळीत बेरीज ६ फूट ९ इंच आली तर चूक कागदावरच सापडली, भिंत फोडावी लागली नाही.

हवा-उजेडाचा हिशेबही याच यादीतून निघतो. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडक्या-झडपा धरल्या आहेत. १० बाय १२ फुटांच्या खोलीला म्हणजे किमान १२ चौरस फूट. तुमची ४ बाय ४ची एक खिडकी १६ चौरस फूट देते. परवान्यासाठीचा आकडा मात्र आर्किटेक्टकडून लागू नियमावलीप्रमाणेच घ्या.

यादी पक्की झाली की ती सीएसव्ही फाइल म्हणून बाहेर काढा आणि एक्सेलमध्ये उघडा. तिथे पुढचे रकाने जोडा : साहित्य, चौकट, पल्ला, बिजागऱ्या, कडी-कुलूप, नग, शेरा. इथे एक खबरदारी घ्या. एक्सेलच्या रकान्यात साडेतीन फूट म्हणून ३-६ टंकलं की एक्सेल ती तारीख समजतं आणि माप गायब होतं. म्हणून सगळी मापं इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये लिहा. ४२ इंच म्हणजे ४२ इंच, त्याची तारीख होत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मापाच्या अर्थावरून. आपल्याकडे ‘३ फुटी दार’ म्हटलं की गवंडी चौकटीसह ३६ इंचांचं भगदाड सोडतो. अमेरिकेत तयार झालेल्या चीफ आर्किटेक्टसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दाराची रुंदी म्हणजे नुसत्या पल्ल्याची रुंदी, भिंतीतल्या भगदाडाचं माप वेगळ्या रकान्यात. फरक किती पडतो ते पाहा. चौकटीचं लाकूड समोरून अडीच इंच आणि पल्ला बसायची खाच अर्धा इंच धरली, तर ३६ इंचांच्या भगदाडात पल्ला येतो सुमारे ३२ इंचांचा. उलट पल्लाच ३६ इंचांचा हवा असेल तर भगदाड ४० इंचांचं सोडावं लागेल. चार इंचांची ही तफावत एका ओळीच्या शेऱ्याने टळते. तक्त्याच्या डोक्यावरच लिहा : ‘सर्व मापं भिंतीतल्या भगदाडाची, चौकटीसह’. पल्ल्याचं माप द्यायचं असेल तर त्याला वेगळा रकाना करा.

क्रमांक देताना दार मोजू नका, दाराचा प्रकार मोजा. घरात आठ दारं असली तरी प्रकार तीन-चारच असतात. मुख्य दार डी-१, खोल्यांची फ्लश दारं डी-२, न्हाणीघर-संडासाची डी-३. तेच खिडक्यांना डब्ल्यू आणि झडपांना व्ही. दोन दारांत एक गोष्ट जरी वेगळी असली, समजा एक डावीकडे उघडतं आणि एक उजवीकडे, तर त्यांना डी-२अ आणि डी-२ब म्हणा. एकदा छापून साइटवर गेलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही देऊ नका. डी-४ रद्द झालं तर तक्त्यात ‘डी-४ रद्द’ अशी ओळ राहू द्या.

भारतीय मानकांमध्ये याहून चोख पद्धत आहे. लाकडी दार-खिडक्यांच्या मानकांत खुणेतच माप बसवलेलं असतं. ‘१० डीटी २१’ म्हणजे १० मोड्यूल रुंद, २१ मोड्यूल उंच, दोन पल्ल्यांचं दार. एक मोड्यूल १०० मिलिमीटरचं, म्हणजे दार झालं १ मीटर बाय २.१ मीटर. एका पल्ल्याला एस, दोन पल्ल्यांना टी, खिडकीला डब्ल्यू. फॅब्रिकेटरकडे मोठी मागणी नोंदवायची असेल तेव्हा ही खूण डी-१ शेजारी लिहिली तर गैरसमजाला जागाच राहत नाही.

एवढी शिस्त एका घरासाठी कशाला, असं वाटेल. सोलापूरकरांनी त्यासाठी कुंभारीकडे पाहावं. तिथे महिला विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. पुढे त्याच परिसरात विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आलं, आणि त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. माजी आमदार नरसय्या आडम यांनी कामगारांच्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. अशा वसाहतीत घराचा एक नमुना हजारो वेळा उभा राहतो. समजा मुख्य दाराला तीन बिजागऱ्या हव्यात आणि तक्त्यात दोन लिहिल्या गेल्या, तर ३०,००० घरांत ३०,००० बिजागऱ्या कमी पडतील. तक्त्यातल्या एका ओळीचं वजन एवढं असतं. तुमच्या घरी तीच चूक एकदाच होईल, पण भुर्दंड सगळा तुमच्याच खिशातून जाईल.

प्रश्न : आमचा गवंडी घरी तेलुगू बोलतो, सुतार मराठी, फरशीवाले कन्नड आणि फॅब्रिकेटर हिंदी. टिपा कोणत्या भाषेत लिहाव्यात? मराठीत लिहिलं तर एका सॉफ्टवेअरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं उमटतात.
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : सोलापूरच्या साइटवर चार भाषा असणं ही रोजचीच गोष्ट आहे, म्हणून इथे तक्ता आणखी उपयोगी पडतो. डी-१ ही खूण आणि आकडे चौघांनाही सारखेच वाचता येतात. तेव्हा ज्या गोष्टी आकड्यात सांगता येतात त्या वाक्यात सांगू नका. ‘खिडकी जरा वर घ्या’ याऐवजी ‘सिल ४२ इंच’. प्रत्येक प्रकाराचं समोरून दिसणारं छोटं चित्र तक्त्यात असू द्या. पल्ला कुठल्या बाजूला उघडतो, जाळी कुठे, गज कुठे हे चित्रातून भाषेशिवाय कळतं. साहित्याची नावं बाजारात चालतात तीच ठेवा : फ्लश डोअर, थ्री ट्रॅक, कडप्पा, नहाणी ट्रॅप. ही चारही भाषांत तीच आहेत.

प्रश्नचिन्हांचं कारण फाँट आहे. तुमचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड असेल, तर त्यातल्या जुन्या रेघी फाँटांमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. टेक्स्ट स्टाइलमध्ये जाऊन मंगल किंवा निर्मला यूआय असा युनिकोड फाँट निवडा. मजकूरही युनिकोडमध्येच टंका, कारण जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेलं मराठी दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येत नाही. सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठी विस्कटलं, तर डेटाच्या मेनूतून ती आयात करा आणि यूटीएफ-८ निवडा. साइटवर पाठवताना मूळ फाइल न पाठवता पीडीएफच पाठवा, म्हणजे मोबाइलवरही अक्षरं आणि मापं जशीच्या तशी दिसतील.

प्रश्न : कामाच्या तारखाही याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येतील का? दुसरं महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. एका घरासाठी गरज नाही. चीफ आर्किटेक्टमध्ये टीप ही स्वतंत्र वस्तू असते, नकाशावर तिचा क्रमांक दिसतो आणि मजकुराचा तक्ता आपोआप बनतो. रेव्हिटमध्ये तक्त्यातलं माप बदललं की मॉडेलमधलं दारही बदलतं. रोज घरं काढणाऱ्याचा यात खूप वेळ वाचतो. तुमच्यासाठी मोफत सॉफ्टवेअर आणि एक्सेल पुरे.

तारखा घर काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबू नका. त्याच एक्सेल फाइलीत दुसरं पान करा आणि दोन्हींचा दुवा डी-१, डब्ल्यू-२ या खुणांनीच जोडा : ‘डी-१ची चौकट : मागणी कधी, साइटवर कधी, बसवायची कधी’. लाकडी चौकट बांधकामासोबत उभी करायची असेल तर ती भिंतीच्या आधी साइटवर हवी. खिडकीची ॲल्युमिनियम फ्रेम मात्र गिलावा झाल्यावर, प्रत्यक्ष माप घेऊनच बनवून घ्या. एवढा क्रम लिहिला तरी निम्मे खोळंबे टळतात.

सोलापुरात या पानावर आणखी एक रकाना हवा : पाणी. स्लॅब टाकल्यावर तो भिजत ठेवण्यासाठी आयएस ४५६ हे मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगतं. कोरड्या, उष्ण हवेत मात्र ते किमान १० दिवस होतात, आणि मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांची शिफारस आहे. आपला उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, बाजारातलं बरंचसं सिमेंट मिश्र प्रकारचं, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. तेव्हा स्लॅबची तारीख ठरवताना पुढच्या १४ दिवसांच्या पाण्याची सोय त्याच ओळीत लिहा : हौद किती भरलेला, टँकर कुठल्या दिवशी. ही ओळ रिकामी असेल तर स्लॅब पुढे ढकला.

शेवटी तिन्ही वाचकांसाठी एक काम. छापण्याआधी नकाशावरची दारं-खिडक्या बोटाने मोजा आणि तक्त्यातल्या नगांशी ताळा करा. प्रत्येक पानावर तारीख टाका, नवी प्रत देताना जुनी परत मागून घ्या. मग सुताराला शेजारी बसवून विचारा, ‘डी-३ कसं करणार, सांगा बरं.’ तो तक्ता पाहून, तुम्हाला काही न विचारता बरोबर सांगू शकला, तर तक्ता तयार झाला असं समजा. तो जिथे अडेल ती ओळ त्याच्यासमोर दुरुस्त करा, कारण तुम्ही साइटवर नसाल तेव्हा तुमच्या वतीने बोलणार आहे तो हाच कागद.