इराणची आठवण

इराणशीं असलेल्या वैराचा आरंभ अमेरिकन मनुष्य १९७९ सालीं मानतो: तेहरानांतील वकिलातींत इराणी विद्यार्थी शिरले, व ५२ अमेरिकन ४४४ दिवस ओलीस राहिले. हें कृत्य अन्यायाचेंच होतें. परंतु इराणी मनुष्य १९५३ साल सांगतो. ब्रिटिश कंपनीच्या ताब्यांतील तेल राष्ट्राच्या मालकीचें करणारे मुख्य प्रधान मोसादेघ यांस त्या वर्षीं ब्रिटन व अमेरिका यांच्या हेरखात्यांनीं कट रचून पदच्युत करविलें, आणि देशाबाहेर पळालेला शहा सिंहासनावर परत आला. अमेरिकन हेरखात्याचे कबुलीचे कागद प्रसिद्ध झाले २०१३ सालीं, म्हणजे साठ वर्षांनीं! म्हणूनच १९७९ सालीं पदभ्रष्ट शहा औषधोपचारासाठीं अमेरिकेंत गेला, तेव्हां तो खरोखरच आजारी असतांहि तेहरानांत अनेकांस पुन्हां तोच डाव दिसला.