गाडीतला रिसीव्हर बोलेल का?

प्रश्न : जुनी परदेशी मोटार घेतली आहे. पुढच्या दोन सीटांमधल्या खणात वायरचा रिसीव्हर आहे. बारामती-इंदापूर रोजची ये-जा असते. तो चालू होईल का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : तुमच्या हातात येतो तो नुसता कान आणि तोंड. खरा फोन बहुधा डिकीत, गालिच्याआडच्या डब्यात असतो. पिळाच्या वायरीतून आवाज आणि बटणांचे इशारे तिथे पोहोचतात. डबा गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो आणि बाहेरच्या अँटेनातून टॉवर गाठतो. अशा जीएसएम संचाची ताकद ८ वॉटपर्यंत असे, खिशातल्या फोनची २. म्हणून टॉवर लांब असला तरी बोलणं तुटत नसे.

आता डब्यावर किंवा रिसीव्हरवर सिमची खाच शोधा. असेल, तर टूजी सेवा देणाऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. भारतात १९९५मध्ये मोबाइल आला तो याच जीएसएम पद्धतीने. नुसत्या फोरजी-फाइव्हजीचं सिम इथे मुकंच राहील. खाच नसेल, तर संच बहुधा ॲनालॉग, म्हणजे केवळ शोभेचा.

आणि चालू झालाच, तरी गाडी बाजूला घेऊनच बोला. चालवताना रिसीव्हर कानाला लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये बसतं.