जबरदस्तीनं आणलेला क्लायंट

बायकोनं ओढून आणलेला दारुडा नवरा, शाळेनं पाठवलेला दहावीतला मुलगा, कोर्टानं सांगितलं म्हणून आलेलं जोडपं. नव्या समुपदेशकाला घाम फुटतो तो अशांसमोर. मग फाइलवर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो आणि आपण मोकळे होतो.

स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत कुटुंबोपचाराचं केंद्र काढलं. उपायकेंद्रित थेरपी घडली ती तिथं. क्लायंट ‘विरोध’ करतो ही कल्पनाच डी शेझर यांनी १९८४ च्या एका लेखात मोडीत काढली. प्रत्येकाची सहकार्य करायची एक तऱ्हा असते आणि ती ओळखणं हे थेरपिस्टचं काम, असं त्यांचं म्हणणं. हे मनापासून पटलं नसेल तर पुढचे प्रश्न नुसते पाठ करून काही साधत नाही.

आणणाऱ्याची तक्रार ऐका, पण थोडक्यात आवरा. मग आणलेल्या माणसाकडे वळून विचारा, “इथं यायचं कोणाच्या डोक्यात आलं?” उत्तर ठरलेलं: “हिच्या. मला काही प्रॉब्लेम नाही.” वाद घालू नका. “बरं. त्यांना काय दिसलं म्हणजे त्या तुम्हाला इथं आणायचं बंद करतील?”

“कटकट बंद करू दे तिला आधी.”

“समजा, केली. मग घरात काय असेल?”

“शांतता असेल. जेवताना पोरगी तरी बोलेल माझ्याशी.”

इथं थांबा. या बैठकीत हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. फाइलमध्ये ‘दारू सोडणे’ लिहू नका, ते बायकोचं उद्दिष्ट झालं. ‘पोरगी जेवताना बोलेल’ असं त्याच्याच शब्दांत लिहा. उद्दिष्ट छोटं हवं आणि डोळ्यांना दिसणारं हवं. “चिडणार नाही” असं कोणी म्हणालं, तर “त्याऐवजी काय कराल?” हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग तो प्रसिद्ध चमत्काराचा प्रश्न. सावकाश विचारायचा: “समजा, आज रात्री तुम्ही जेवलात, झोपलात. झोपेत चमत्कार झाला आणि ज्यासाठी इथं यावं लागलं ते सगळं मिटलं. पण तुम्ही झोपेत, तुम्हाला पत्ताच नाही. सकाळी पहिल्यांदा कशावरून कळेल?” आणलेली माणसं इथं हमखास फाटा फोडतात: “लॉटरी लागलेली असेल!” लागू द्या की. “मग त्या सकाळी घरात कसे वागाल?” चमत्कार या शब्दाचीच चीड असणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. तिथं तो शब्द गाळा, “सकाळी सगळं मिटलेलं असेल” एवढं पुरतं.

पुढं अपवाद शोधा. पंधरा दिवसांत एखादी संध्याकाळ न पिता गेली का? “गेली एक. खिशात पैसे नव्हते.” बरेच जण इथं निराश होऊन विषय बदलतात. बदलू नका. “उसने मागता आले असते. नाही मागितलेत, ते कसं काय?” या प्रश्नावर माणूस पहिल्यांदा स्वतःबद्दल विचार करताना दिसतो.

शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आणि दहा म्हणजे ती सगळं मिटलेली सकाळ, अशा पट्टीवर त्यानं स्वतःला तीन दिले, तर “पाच का नाही?” विचारून पाणउतारा करू नका. “दोन का नाही, तीन कशामुळे?” असं विचारा, मग साडेतीनला काय वेगळं दिसेल ते. शून्यच म्हणाला, तर “इतकं असूनही रोज कामावर कसे जाता?” मुलांचं उत्तर बहुधा “माहीत नाही” असतं. गप्प बसा, घाई नको. तरीही नाहीच बोललं, तर “तुझ्या जिवलग मित्राला विचारलं, तर तो काय सांगेल?”

शेवटी पाच मिनिटांची सुट्टी घेऊन जे खरोखर दिसलं त्याचीच दाद द्या. मोठ्या माणसाला “शाब्बास” म्हटलं की मास्तरकी वाटते. “पैसे मागायचं टाळलंत, हे माझ्या लक्षात राहिलं” हे पचतं. ज्याला अजून काही नकोच आहे त्याला गृहपाठ देऊ नका, दाद देऊन निरोप द्या. जी फक्त दुसऱ्याची तक्रार घेऊन आली आहे तिला निरीक्षण द्या: घरात जे चालू राहावंसं वाटतं ते आठवडाभर टिपायचं. स्वतः काही करायला तयार असलेल्यालाच कृती सांगा.

पुढच्या भेटीची सुरुवात “काय बरं झालं?” अशी. “काहीच नाही” आलं, तर अधिक बिघडू कसं दिलं नाही ते विचारा.

ही पद्धत सगळ्याला पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, तिथं आधी डॉक्टर. घरात मारहाण असेल तर नवराबायकोला एकत्र बसवू नका, बाईशी एकटीशी बोला आणि तिची सुरक्षितता आधी पाहा. जीव देण्याची भाषा आली तर पट्टी-बिट्टी बाजूला ठेवून सरळ विचारा, एकटं सोडू नका आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पोचवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते. हा नंबर क्लायंटला घरी जाण्याआधी लिहून द्या.