पाळी चुकण्यापूर्वीचे तीन महिने

बालरोगतज्ज्ञाने गर्भधारणेपूर्वीच्या आरोग्याविषयी लिहावे, हे आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रांना कदाचित आगंतुकपणाचे वाटेल. परंतु मला या विषयाकडे वळविणारा प्रसंग माझ्याच बाह्यरुग्ण कक्षात घडला. काही वर्षांपूर्वी येथील कारखान्यात काम करणारे एक जोडपे आपले दोन दिवसांचे पहिले बाळ घेऊन आले. बाळाच्या कमरेवर पातळ आवरणाची, पाणी झिरपणारी गाठ होती. दोन्ही पाय हलत नव्हते. मी त्यांना बालशल्यचिकित्सकाकडे मुंबईस पाठविले, पत्र दिले, शस्त्रक्रियेनंतरची काळजी समजावून सांगितली. ते बाळ सात महिने जगले. तीन वर्षांनी तीच माता दुसरे बाळ घेऊन आली. त्यालाही तोच दोष होता.

मी जुना केसपेपर काढून पाहिला. माझ्या अक्षरात सर्व काही होते. डोक्याचा घेर, लघवीचा तपास, शल्यचिकित्सकाचे नाव. ‘पुढील गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून फॉलिक आम्ल द्यावे’ ही एक ओळ मात्र नव्हती. ती ओळ लिहिणे हे स्त्रीरोगतज्ज्ञाचे काम, असे मी गृहीत धरले होते. आणि ती बाई दुसऱ्या खेपेस स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली ती दहाव्या आठवड्यात.

दहावा आठवडा का उपयोगाचा नव्हता, हे समाजबांधवांसाठी थोडे स्पष्ट करतो. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठाविसाव्या दिवशी पूर्ण मिटते. पाळी चुकते तेव्हा यांपैकी चौदा दिवस संपलेले असतात. त्यानंतर बाई आठवडाभर वाट पाहते, मग लघवीची तपासणी होते, मग सासूबाईंना सांगायचे, मग चांगला दिवस पाहून दवाखाना. डॉक्टर फॉलिक आम्लाची पहिली गोळी लिहितात तेव्हा नलिका एकतर मिटलेली असते किंवा कायमची उघडी राहिलेली असते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, हे त्यातून निर्विवाद ठरले. म्हणजे माझ्या रुग्णेसाठी उपाय ठाऊक होता, स्वस्त होता, आणि आपल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात पाच मिलिग्रॅमच्या गोळीच्या रूपाने ठेवलेला होता. ज्यांच्या घरी असा इतिहास नाही त्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. ही मात्राही गर्भधारणेच्या किमान एक महिना, शक्यतो तीन महिने आधी सुरू व्हावी.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे, कारण ती आपल्याच महाराष्ट्रातील संशोधनातून आली आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास करीत आले आहेत. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव फार आहे. ताक, दही रोज असूनही आहे. म्हणून ऊठसूट प्रत्येकीला पाच मिलिग्रॅमची गोळी लिहिण्याची आपली सवय मला पसंत नाही. मात्रा योग्य असावी आणि जोडीला बी-१२ असावे. सांगलीत तर तरुण स्त्रियांना रोजच्या चहातूनच फॉलिक आम्ल आणि बी-१२ देऊन पाहिले गेले. दोन महिन्यांत रक्तातील दोन्हींची पातळी वाढली. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास अगदी लहान आहे, पण त्यामागची दृष्टी मोलाची आहे. आपल्याकडे गोळी चुकते, चहा चुकत नाही!

गोळीपेक्षा ताटाचा प्रश्न मोठा आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत बालरोगतज्ज्ञ डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी २००६ ते २०१२ या काळात सहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून एक खाद्यपदार्थ देऊ केला. निम्म्या जणींच्या पदार्थात पालेभाज्या, फळे आणि दूध होते, उरलेल्यांच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या भाज्या. सर्व स्त्रिया एकत्र मोजल्या असता बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. ज्यांनी हा पदार्थ गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून घेतला त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅम अधिक वजनाची झाली. शिवाय पालेभाज्यांच्या गटात गरोदरपणीचा मधुमेहही कमी आढळला. मात्र अगदी कृश स्त्रियांच्या बाळांचे वजन वाढले नाही. मुळात जी हाडांवर कातडे असलेली आहे तिला तीन महिने पुरत नाहीत. तिची तयारी वर्षभर आधी, खरे तर किशोरवयातच सुरू व्हायला हवी. आपल्या परिसरात पावसाळ्यात रानभाज्या येतात, नागली आहे, शेवगा परसात उभा असतो. परराज्यांतून येऊन चाळीत राहणारी, बाराबारा तासांच्या पाळ्या करणारी कामगार कुटुंबे वडापाव आणि बिस्किटांवर दिवस काढतात, तेव्हा त्यांना हे सांगताना मलाच संकोच वाटतो, तरी सांगतो.

देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. परंतु आपल्या दादरा नगर हवेलीत प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथील निम्म्याहून अधिक लोक आदिवासी; वारली, धोडिया, कोकणा या समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. वाहक व्यक्ती स्वतः निरोगी असते, शेतात राबते, कारखान्यात पाळ्या करते, आणि तिला याचा पत्ताही नसतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस बाळाला प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ असा हिशेब मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. प्रत्येक खेपेला फासे नव्याने पडतात. हे गर्भधारणेपूर्वी कळले तर दहा ते बारा आठवड्यांत गर्भाची तपासणी करून घेण्यास वेळ मिळतो. पाचव्या महिन्यात कळले तर मिळतो तो केवळ मनस्ताप. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात आपण खासगी व्यावसायिकांनीही हात लावला पाहिजे. तपासणी दोघांचीही व्हावी, कारण केवळ सुनेची केली की दोष सुनेच्या माथी जातो. ज्यांना सिकलसेल आजार आहे आणि हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, त्या स्त्री-पुरुषांनी मुलाचा विचार करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

आपण मराठी मंडळींनी ‘हा आदिवासींचा प्रश्न’ म्हणून स्वस्थ बसू नये. थॅलेसेमियाचे वाहक आपल्यातही आहेत, आणि मामाची मुलगी करण्याची प्रथा आपल्या अनेक घराण्यांत अजून टिकून आहे.

जुन्या आजारांचे थोडक्यात सांगतो. मधुमेह असल्यास एचबीए१सी साडेसहाच्या खाली आणूनच गर्भधारणा व्हावी, कारण बाळाचे हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडते. थायरॉइड तपासून घ्यावे. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट, मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन आणि रक्तदाबावरील काही गोळ्या बाळास घातक आहेत. त्या वेळेपूर्वी बदलून घ्याव्यात, मात्र फेफऱ्याचे औषध स्वतःहून बंद करू नये. रुबेलाची लस घेतलेली नसल्यास घ्यावी आणि त्यानंतर एक महिना दिवस राहू देऊ नयेत. दोन बाळंतपणांमध्ये पहिल्या बाळाच्या जन्मानंतर दुसरी गर्भधारणा निदान चोवीस महिन्यांनी व्हावी.

मिश्रीविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आपल्या बायका ‘नाही’ म्हणतात आणि ते त्यांच्या दृष्टीने खरे असते, कारण मिश्री दातांना लावायची असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली, आणि त्यांतील बहुतेक जणी मिश्रीच लावणाऱ्या होत्या. म्हणून प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच विचारावा.

पुरुषांना या विषयात कोणी काही विचारत नाही. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे तीन महिन्यांची तयारी त्यांनाही लागू आहे. गुटखा, विडी, भट्टीजवळचे काम, आणि दारू. शेजारी गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे शनिवार-रविवारी आपल्या गावाकडे जी रहदारी वाहते, तिच्याविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही.

आयुर्वेदाने हे जाणले होते. सुश्रुतसंहितेत गर्भासाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज ही सामग्री सांगितली आहे, आणि ती पेरणीपूर्वीची आहे. आजचे गर्भसंस्काराचे वर्ग बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भरतात. तेथील संगीताने मन प्रसन्न होत असेल, पण शेत नांगरायची वेळ तेव्हा टळलेली असते.

तेव्हा या स्त्रीला वेळेवर गाठायचे कोणी? गर्भधारणेपूर्वी ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नाही. परंतु नऊ महिन्यांच्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीसाठी मांडीवर घेऊन ती माझ्यासमोर बसते. बाळाचे वजन झाले की मी आता तिला विचारतो, ‘पुढच्या बाळाचा काही विचार?’ उत्तर बहुधा सासूबाईच देतात. ‘एवढ्यात नाही’ म्हटले तर कोणते साधन वापरता ते विचारतो, आणि ‘बघू’ म्हटले तर हिमोग्लोबिन, सिकलसेल आणि फॉलिक आम्ल तेथेच कागदावर उतरते. जास्तीत जास्त तीन मिनिटे जातात.

त्या मातेचे दुसरे बाळ शस्त्रक्रियेनंतर वाचले. कुबड्या घेऊन ते आता बालवाडीत जाते. दोन बाळे बाधित झाल्यावर पुढच्या खेपेस धोका शेकडा दहाच्या आसपास असतो, हे मी पती-पत्नी दोघांना समोर बसवून सांगितले. गेल्या दिवाळीनंतर ती दोघे आपणहून आली, तिसऱ्या बाळाचे विचारायला. फॉलिक आम्ल आणि बी-१२ सुरू होऊन दोन महिने झाले आहेत. तिचे हिमोग्लोबिन साडेनऊवरून अकरावर आले आहे, त्याने गुटखा सोडला आहे असे तो म्हणतो. आणखी निदान महिनाभर थांबा, असे मी त्यांना सांगितले आहे.